साष्टी बेटावर सात दिवस: टेंभी नाक्यावरून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीचा फराळ संपत आला की ठाण्यातल्या आमच्या टेंभी नाक्याच्या घराघरांत सहलींची पत्रकं फिरू लागतात. श्रीलंका सात दिवस, अंदमान सहा रात्री, बाली आठवडाभर. अलीकडे गटाने जाण्यापेक्षा स्वतंत्र सहलीचा कल वाढलाय: आपलंच कुटुंब, आपलीच गाडी, सोबत एक जाणकार वाटाड्या. मागे असंच एक पत्रक मी चहा पिता पिता वाचत होतो. बिबट्याचं जंगल, डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, खारफुटीतून होडीची फेरी, पोर्तुगीजांचा किल्ला, कोळ्यांचं गाव, संध्याकाळी समुद्रकिनारा. पत्रक श्रीलंकेचं होतं. पण ही सगळी यादी मी ज्या खुर्चीत बसलो होतो, तिथून दीड-दोन तासांच्या आत पुरी होत होती. तीही बहुतेक बेटावरच.

कारण आपण बेटावर राहतो. साष्टी बेट. सहासष्ट गावांचं म्हणून साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. कल्याणहून वाहत येणाऱ्या उल्हास नदीला ठाण्यापाशी दोन फाटे फुटतात आणि त्या दोन फाट्यांच्या बेचक्यात आपलं ठाणं बसलंय. कळवा पूल ओलांडला की आपण मुख्य भूमीवर. म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला कामाला येणारा माणूस रोज दोनदा समुद्रमार्गे नाही तरी खाडी ओलांडून बेटावर ये-जा करतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

श्रीलंकेला जरूर जा. पण त्या सहलीसाठी आपण जी शिस्त पाळतो, म्हणजे तारखा आधी ठरवणं, पहाटे उठणं, वाटाड्या घेणं, हवामान बघणं, तीच शिस्त एक आठवडा घरच्या बेटाला लावून बघा. खाली दिलेला आराखडा चार-सहा जणांच्या कुटुंबासाठी, मुक्काम आपल्याच घरी धरून केलेला आहे.

आठवडा कसा निवडायचा

महिने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. या दिवसांत खाडीत रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो असतात, जंगलात हिवाळी पाहुणे पक्षी असतात आणि काटेसावर, पळस, पांगारा फुलायला लागलेले असतात. फुललेल्या सावरीखाली अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी आठ-दहा जातींचे पक्षी दिसतात. त्यासाठी वेगळी कसरत लागत नाही. पावसाळ्यात जंगल देखणं असतं, पण धबधब्यांवर बंदी असते, वाटा निसरड्या होतात आणि होडीही नसते. अपवाद कारवीचा. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी इथे २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये फुलली. पुढची पाळी २०३२ च्या पावसाळ्याअखेरची. ती तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

महिना ठरला की पंचांग काढा. या सहलीत पंचांग विमानाच्या वेळापत्रकाचं काम करतं, कारण सातांपैकी तीन दिवस भरती-ओहोटीवर चालतात. कोळीबांधवांचा जुना हिशेब साधा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा, उत्तर येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. द्वितीयेला दीड वाजता. दिवसात दोनदा भरती, म्हणून पहाटेही तीच वेळ आणि दुपारीही तीच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल बेताची. खाडीत आतवर भरती जरा उशिरा पोहोचते, एवढं लक्षात ठेवा.

हे मी चुकून शिकलो. पहिल्यांदा फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा सुट्टी बघितली, तिथी बघितली नाही. पोहोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली, चिखलाची मैदानं पाण्याखाली आणि पक्षी दुसरीकडे विसाव्याला गेलेले. मुलांना तास-दीड तास पाणी दाखवून परत आणलं.

तेव्हा असा आठवडा शोधा ज्यात बुधवारी पौर्णिमा किंवा अमावास्या येते. मंगळवारी किंवा गुरुवारी आली तरी चालेल, वेळा पाऊण तासाने मागेपुढे होतील. सहल शनिवारी सुरू करा, शुक्रवारी संपवा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी बंद असतात, म्हणून तो दिवस किनाऱ्याला ठेवला आहे.

गाडी, वाटाड्या, परवानगी

गाडी आठवड्यासाठी एकच ठरवा, आणि चालक असा घ्या ज्याला थांबायचा कंटाळा नाही. ठरवतानाच सांगा: पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी दोन-तीनपर्यंत परत. घोडबंदर रस्त्याची कोंडी ज्याने भोगली आहे त्याला यामागचं कारण सांगायला नको. येऊरसाठी तर गाडीही लागत नाही. ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस जाते.

वाटाड्या मात्र जंगलाच्या दोन दिवसांसाठी हवाच. येऊरच्या पाड्यांवरची वारली मंडळी पिढ्यान्पिढ्या इथे राहतात. कुठल्या झाडाचा डिंक कधी निघतो इथपासून बिबट्या कोणत्या ओढ्याने उतरतो इथपर्यंत त्यांना ठाऊक असतं. अशा माणसाला योग्य मानधन आधी ठरवून द्या, घासाघीस करू नका. पक्ष्यांची विशेष आवड असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावचं निसर्ग शिक्षण केंद्र गटांसाठी फेऱ्या ठेवतं. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं केंद्र आपल्या बेटावर आहे हेही थोडं नव्हे.

जंगलातल्या ठरीव पायवाटांना, विशेषतः नागला भागाला, वनखात्याची परवानगी लागते आणि सोबत माणूस लागतो. होडीची जागाही आधी राखावी लागते. ही दोन कामं किमान पंधरा दिवस आधी उरका. ‘ओळखीने सोडतील’ या भरवशावर कुणी जाऊ नये. ड्रोन नेऊ नका.

शनिवार: नाक्यापासून पायी

पहिल्या दिवशी गाडी काढू नका. सकाळी टेंभी नाक्यावर उभं राहा आणि पाहुण्याच्या नजरेने बघा. बाहेरगावच्यांना हा नाका माहीत असतो तो शिवसेना नेते आनंद दिघ्यांमुळे, नवरात्रातल्या देवीमुळे आणि दहीहंडीमुळे. पण चार पावलांच्या अंतरात इथे पारशांची अग्यारी आहे, कोकण शत्रुंजय म्हणून ओळखलं जाणारं जैन मंदिर आहे आणि बेने इस्रायली समाजाचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे, ‘शार हाशमाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार. अग्यारीत पारशेतरांना प्रवेश नसतो आणि शनिवार हा ज्यूंच्या प्रार्थनेचा दिवस. दोन्ही बाहेरूनच बघा. बेने इस्रायली कुटुंबं घरात मराठी बोलतात आणि शनिवार पाळत तेलाचे घाणे चालवणारे म्हणून त्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, हे मुलांना इथे उभं राहून सांगा.

तिथून मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, आणि तलावाकाठचं पोर्तुगीजकालीन चर्च. पुढे तुरुंगाची भिंत दिसते तो मूळचा ठाण्याचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, दोन वर्षांनी वसई घेतली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. शेवटी स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच का थांबली, याचं उत्तर नकाशात आहे: इथे बेट संपत होतं. खाडीवर पूल झाल्यावर पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला गेले. दुपारी मामलेदारची मिसळ खा, पण मध्यमच घ्या. उद्या पहाटे उठायचंय.

रविवार: घोडबंदरची वाट

रविवारी पहाटे हा रस्ता मोकळा असतो. परवानगी हातात असेल तर नागला भागापासून सुरुवात करा. राष्ट्रीय उद्यानाचा हा उत्तरेचा तुकडा वसईच्या खाडीपर्यंत उतरतो. एकाच वाटेवर आधी साग-ऐनाचं रान आणि शेवटी खारफुटी, असं क्वचित बघायला मिळतं. वाटेत स्वर्गीय नर्तक, हळद्या, सर्पगरुड यांच्याकडे लक्ष ठेवा.

उन्हं चढली की ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत जा. फुलपाखरांना लागणारी झाडं लावून तयार केलेली ही वाडी आहे. फुलपाखरं उन्हात उडतात, म्हणून इथे उशिरा गेलेलं उत्तम. येण्याआधी वाडी उघडी आहे ना हे विचारून घ्या. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निळं-काळं निलवंत इथे दिसू शकतं. परतीच्या आधी घोडबंदरचा किल्ला. पोर्तुगीजांच्या काळी इथल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून हे नाव. तटावरून समोर वसईची खाडी दिसते. कालच्या १७३७ च्या गोष्टीचा भूगोल इथे डोळ्यांपुढे येतो.

सोमवार: उत्तनचा किनारा

आज घाई नाही. भाईंदरमार्गे उत्तनला जा. त्रयोदशीच्या हिशेबाने दुपारी चारच्या सुमारास ओहोटी असेल, तेव्हा जेवून निघालात तरी चालेल. सातांपैकी ही एकच सवलत. चौक गावाजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या खाडीच्या तोंडावरची ही जागा हातात असल्याशिवाय वसई पडणार नव्हती, म्हणून चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तिच्यासाठी झुंज झाली.

खाली किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. वास सोसवत नसेल तर नाकाला रुमाल लावून फोटो काढू नका. ते कुणाचं तरी घर आहे आणि ती कुणाची तरी कमाई आहे. सुकी मासळी घ्यायची असेल तर इथेच, थेट बाईकडून घ्या. गाडीच्या डिकीत मात्र जाड पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर उरलेले चार दिवस चालक बोलणार नाही.

मंगळवार: येऊर

पोखरण रस्त्यावरून, उपवनच्या डोक्यावरून वर चढलं की वनखात्याची चौकी. तिच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाची ठाणे बाजू. येऊर म्हणजे ढाबा, बंगला आणि लग्नाचा डीजे, अशी ठाणेकरांनीच या जागेची ख्याती करून ठेवली आहे. तुम्ही उजाडता उजाडता या, चिमणीच्या आवाजात बोला आणि ऊन तापायच्या आत उतरा.

पहिला तास पक्ष्यांचा: राखी धनेश, तांबट, सुतार, कोतवाल. दुसरा तास जमिनीकडे बघायचा. ओल्या मातीत चितळाचे खूर, भेकराची लेंडी, रानडुकरांनी उकरलेली जमीन, खोडावर नखांचे ओरखडे. वाटाड्याला पाड्यावरच्या वाघोबाचं ठाण दाखवायला सांगा. वाघ-बिबट्याला देव मानून त्याच्याशी शेजारधर्म पाळण्याची ही वारल्यांची रीत आपल्या सोसायटीच्या कुंपणाहून जुनी आहे. ठाणाला हात लावू नका, फोटो विचारून काढा.

बुधवार: कान्हेरी

राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. बोरिवलीच्या मुख्य दारापासून लेणी सहाएक किलोमीटर आत. उद्यानातली पिंजऱ्याच्या गाडीतली वाघ-सिंहांची फेरी टाळलीत तरी काही चुकत नाही. ते प्राणी कुंपणात ठेवलेले. वेळ लेण्यांना द्या.

काळ्या पाषाणात खोदलेल्या शंभराहून अधिक गुंफा, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजारभर वर्षं वापरात राहिलेल्या. सगळ्या बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, अकराव्यातला सभामंडप, एक्केचाळिसाव्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आणि नव्वदावं लेणं, एवढं नीट बघा. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले कोरीव लेख आहेत: १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशांनी आपली नावं लिहून ठेवली. शनिवारी बाहेरून बघितलेली अग्यारी इथे आठवावी. दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत, तेव्हा कल्याणकरांनी इथे थोडं मालकीहक्काने फिरावं.

आणि पाणी बघा. जवळजवळ प्रत्येक गुंफेला दगडात खोदलेलं टाकं आहे, शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस चरांमधून टाक्यात उतरवून भिक्खूंनी उन्हाळे काढले. टँकरच्या शिट्ट्यांनी जागे होणाऱ्या घोडबंदर रस्त्यावरच्या रहिवाशांनी हा भाग दोनदा बघावा.

खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं ओढून नेतात. उतरल्यावर वेळ उरला तर जवळचं मंडपेश्वर लेणं: सहाव्या शतकातली शिवाची गुंफा, पोर्तुगीजांनी तिचं चर्च केलं, भिंतीवर क्रूस कोरला, आज पुन्हा शंकराची पूजा होते. वर पडक्या मठाच्या भिंती उभ्या आहेत.

गुरुवार: रोहित पक्ष्यांची खाडी

आज बेटाबाहेर पाय पडेल, ऐरोलीपुरता. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते. प्रतिपदेला पूर्ण भरती पाऊण वाजेच्या सुमारास, त्यामुळे चढत्या पाण्याची सकाळची फेरी मिळते आणि पक्षी अजून चिखलावर चरत असतात. केंद्र भरती बघूनच वेळ देतं. ती गैरसोयीची वाटली तरी तीच घ्या.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. लहान रोहित आणि मोठा रोहित दोन्ही असतात. लहानाची चोच गडद, मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी. मान उलटी करून चोचीने चिखलपाणी गाळत ते शेवाळ खातात आणि त्यातल्या रंगद्रव्याने गुलाबी होतात. सोबत शेकाट्या, तुतारी, चित्रबलाक. काठावर तिवर आणि चिप्पी. चिप्पी ही २०२० पासून आपली राज्य कांदळवन वनस्पती. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मुलांना फ्लेमिंगोंपेक्षा जास्त आवडतात, हा माझा अनुभव. होडीत उभं राहू नका आणि पक्षी उडावेत म्हणून होडी जवळ न्यायला सांगू नका. उडवलेला थवा बघायला छान दिसतो, पण त्याचं खाणं मोडतं.

शुक्रवार: जुहू ते वांद्रे

द्वितीयेची ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास. त्याच्या तासभर आधी जुहू कोळीवाड्याच्या खडकाळ भागात पोहोचा. पाणी मागे हटलेलं असतं आणि खडकांतल्या खळग्यांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, गोगलगायी, नशीब असेल तर छोटासा ऑक्टोपस दिसतो. पायात पुढून बंद, जुने, पकड असलेले बूट हवेत. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा. त्याच्या खालचं घर उन्हात वाळतं. कशालाही हात लावू नका, शंखाच्या काही गोगलगायी विषारी डंख मारतात. पाणी वळलं की आपणही वळायचं. शेजारच्या वर्सोव्याला २०१८ साली कचरा उपसलेल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात गेली होती, हेही सांगा.

सहलीचा शेवट वांद्र्याच्या किल्ल्यावर करा. समोर माहीमची खाडी, पलीकडे मुंबई बेट. साष्टी इथे संपते.

बिबट्याबद्दल चार शब्द

२०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांच्या मोजणीत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. तुम्हाला तो बहुतेक दिसणार नाही, आणि त्याबद्दल वाटाड्यावर रुसू नका. चितळाची किंवा वानराची इशारत ऐकू आली तर तो जवळ आहे एवढं समजलं, हेच पुष्कळ. समोर आलाच तर पळू नका, वाकू किंवा बसू नका, मुलांना उचलून घ्या, त्याला वाट मोकळी ठेवा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरा. अंधार पडल्यावर येऊरच्या रस्त्याने पायी फिरू नका.

पिशवीत काय

मातकट किंवा हिरवे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, दशम्या आणि चटणी, गूळ-शेंगदाणे, साधी ८×४२ ची दुर्बीण, वही-पेन्सिल, ओळखपत्राच्या प्रती, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. अत्तर, स्पीकर आणि वेफर्सची पाकिटं घरी ठेवा. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना शनिवार, सोमवार, गुरुवार हे दिवस झेपतात. कान्हेरीला पायऱ्या आहेत.

मोठा खर्च गाडीचा आणि वाटाड्याचा. विमान, व्हिसा, हॉटेल काहीच नाही. तेव्हा श्रीलंकेच्या आगाऊ रकमेचा धनादेश लिहिण्यापूर्वी पंचांग उघडा, जानेवारी ते मार्चमध्ये पौर्णिमा किंवा अमावास्या बुधवारी कधी येते ते शोधा, आणि त्याच्या आधीच्या शनिवारपासूनची रजा आजच टाकून ठेवा.